आधी कुऱ्हाड, मग सुनावणी : आरेच्या खटल्याने काय शिकवले? (दीर्घ धागा)

१/ ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. आरेतील मेट्रो कारशेडशी संबंधित चार याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या. त्याच रात्री गोरेगावच्या आरे कॉलनीत यांत्रिक करवती सुरू झाल्या. सोमवारी, ७ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली, तेव्हा तोडण्याची परवानगी असलेल्या २,१८५ झाडांपैकी २,१४१ झाडे आडवी झालेली होती. उरली ती ४४.

२/ हा वाद 'मेट्रो हवी की झाडे' असा मांडला गेला आणि त्या मांडणीतच त्याचा घटनात्मक गाभा हरवला. खरा प्रश्न असा आहे : सरकारच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाण्याचा हक्क नागरिकाला असेल, पण ज्या वस्तूविषयी दाद मागायची ती वस्तूच सुनावणीपूर्वी नष्ट करण्याची मुभा सरकारला असेल, तर त्या हक्काचे मोल किती? या धाग्याचा विषय हा एवढाच आहे.

३/ आधी जागा समजून घेऊ. मुंबईतील गोठे शहराबाहेर हलवावेत आणि शहराला स्वच्छ दूध मिळावे, या हेतूने १९४९ साली आरे दुग्ध वसाहत आकाराला आली. दूध आयुक्त दारा खुरोडी हे या योजनेचे प्रमुख शिल्पकार. मार्च १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. क्षेत्र सुमारे ३,१६० एकर. शेजारी आजचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. खुरोडींना पुढे १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

४/ परंतु ही जमीन ओसाड नव्हती. आरेत आजही २७ आदिवासी पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, काथोडी या समाजांची घरे, भातशेती, भाजीचे वाफे आणि वाघोबाची ठाणी येथे आहेत. आपण दुग्ध वसाहतीच्या आधीपासून येथे आहोत, असे पाड्यांतील लोक सांगतात. सरकारी कागदावर मात्र ते बहुधा 'शासकीय जमिनीवरील रहिवासी' असतात. आरेच्या इतिहासाचा पहिला धडा येथेच मिळतो : जमिनीला नाव कोण देतो, यावर तिच्यावर हक्क कोणाचा हे ठरते.

५/ नाव देण्याचा हा अधिकार शासनाने वारंवार वापरला. १९७७ मध्ये चित्रनगरी आली. राज्य राखीव पोलीस दलाला जागा मिळाली. २६/११ च्या हल्ल्यानंतर 'फोर्स वन'ला मिळाली. प्रत्येक वेळी कारण सार्वजनिक हिताचे होते आणि बहुतेक वेळा ते खरेही होते. दूध, चित्रपट, सुरक्षा, वाहतूक. एकेका कारणाशी भांडता येत नाही. पण सर्वांची बेरीज केली की मूळ वसाहत किती उरते, हा हिशेब कोणी मांडायचा?

६/ येथे संविधान येते. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी आजच्या अनुच्छेद ३२ ला संविधानाचा आत्मा आणि हृदय मानले होते. हक्क कागदावर असणे पुरेसे नाही, तो मिळवून देणारे दार उघडे हवे, हा त्यामागचा विचार. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाचे ते दार. उच्च न्यायालयांचे दार अनुच्छेद २२६ चे. आरेच्या याचिका याच दारांतून आत गेल्या.

७/ पर्यावरणाचा उल्लेख संविधानात आला तो १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने. अनुच्छेद ४८-क ने वने व वन्यजीव यांचे रक्षण हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व ठरवले, तर ५१-क ने ते नागरिकाचे कर्तव्य ठरवले. इतिहासातील विसंगती पाहण्यासारखी आहे. हीच दुरुस्ती आणीबाणीतील, न्यायालयांचे अधिकार छाटणारी. आणि त्याच वर्षी, २८ एप्रिल १९७६ ला, जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी दाद मागता येणार नाही, असे म्हटले. झाडांना शब्द मिळाले, माणसांचे दार बंद झाले.

८/ पुढे न्यायालयांनी हे दार पुन्हा रुंद केले. १९९१ च्या सुभाष कुमार खटल्यात प्रदूषणमुक्त हवा व पाणी हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सरकारी दप्तरात 'वन' अशी नोंद असो वा नसो, शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे त्यालाही वन संवर्धन कायदा लागू होईल. म्हणजे नाव देण्याच्या शासनाच्या एकाधिकाराला पहिल्यांदा मोठा छेद गेला.

९/ मेट्रो-३ हा कुलाबा–वांद्रे–सीप्झ असा सुमारे ३३.५ किलोमीटरचा भुयारी मार्ग. त्याच्या कारशेडसाठी आरेतील सुमारे ३३ हेक्टर जागा निवडली गेली. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर केले, त्यातून आरेतील १६५ हेक्टर वगळले. ऑगस्ट २०१७ मध्ये राज्याने कारशेडच्या जागेचा 'ना विकास क्षेत्र' हा दर्जा बदलला. या बदलाविरुद्धची याचिका ऑक्टोबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळली.

१०/ सरकारची बाजू पोकळ नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. लोकलच्या दारात लोंबकळून प्रवास करणाऱ्या शहराला मेट्रो हवीच होती. रस्त्यावरील वाहने घटली तर धूर घटतो, तोही पर्यावरणाचाच लाभ. कारशेडशिवाय मेट्रो धावत नाही आणि पर्यायी जागांचे खर्च व अडचणी प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी न्यायालयापुढे मांडल्या होत्या. न्यायाधीशांनी हे युक्तिवाद मान्य केले, म्हणून त्यांच्यावर हेत्वारोप करणे गैर ठरेल. येथील आक्षेप निकालावर नसून निकालानंतरच्या काही तासांवर आहे.

११/ २९ ऑगस्ट २०१९ रोजी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांबाबतचा प्रस्ताव मंजूर केला : २,१८५ तोडायची, ४६१ दुसरीकडे लावायची. वृक्षसंरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ चा. परवानगीनंतर पंधरा दिवस उलटल्याखेरीज झाड तोडता येत नाही, अशी तरतूद त्यात आहे. हे पंधरा दिवस उगीच ठेवलेले नाहीत. ज्याला हरकत आहे त्याला वरच्या दाराशी पोहोचण्यास लागणारा तो अवधी आहे.

१२/ परवानगी १३ सप्टेंबरची, म्हणून मुदत २८ सप्टेंबरला संपली, असे मेट्रो प्रशासनाचे म्हणणे. परवानगी लोकांना दिसेल अशी प्रसिद्ध झाल्यापासून दिवस मोजावेत, असे विरोधकांचे म्हणणे. कायद्याच्या अक्षराने पहिले म्हणणे टिकेलही. पण मधल्या काळात प्रकरण उच्च न्यायालयात होते आणि सुनावणी चालू असेतो झाडे उभी होती. ज्या दिवशी ते छत्र गेले, त्याच दिवशी पंधरा दिवसांची ढालही आधीच मोडून पडलेली निघाली.

१३/ आता ४ ऑक्टोबरचा निकाल. आरेला वन घोषित करावे ही 'वनशक्ती' संस्थेची याचिका गुणवत्तेवर फेटाळली गेली नाही. हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे प्रलंबित आहे, तेव्हा येथे निर्णय देणे उचित नाही, असा त्याचा आधार होता. हे नीट लक्षात घ्या. 'आरे हे वन आहे का?' या प्रश्नाला त्या दिवशी कोणीही 'नाही' असे अंतिम उत्तर दिले नव्हते. प्रश्न वरच्या न्यायालयात जिवंत होता. खाली त्याचा विषय रातोरात कापला गेला.

१४/ रात्री लोक जमले. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लागू झाले. २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थीही होते. या कलमाची मुळे ब्रिटिश काळात आहेत. नागपूरच्या गिरणी कामगारांच्या संघर्षातून उद्भवलेल्या 'बाबुलाल पराते' खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते घटनासंमत ठरवले, परंतु ते तातडीच्या प्रसंगासाठी आहे, हेही स्पष्ट केले. आरेत तातडी होती खरी. ती कोणी निर्माण केली, एवढाच प्रश्न.

१५/ ५ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने वृक्षतोडीस स्थगिती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाला दसऱ्याची सुटी होती. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेले पत्र याचिका म्हणून स्वीकारले गेले आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी विशेष खंडपीठ बसले. अटकेतील कोणी सुटायचे राहिले असेल तर सोडा, आणखी झाडे तोडू नका, असा आदेश झाला. जेवढी झाडे तोडणे आवश्यक होते तेवढी तोडून झाली आहेत, असे शासनाच्या वतीने सांगण्यात आले. न्यायालय जागे होते, वेगाने जागे झाले होते. तरीही उशीर झालेला होता.

१६/ आता मागे पाहू. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतील पदपथवासीयांना शहराबाहेर पाठवण्याचे जाहीर केले. त्यातून 'ओल्गा टेलिस' खटला उभा राहिला. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांनी उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. आणि तरीही झोपड्या हटवण्यास मुभा दिली. पदपथवासी तत्त्वात जिंकले, प्रत्यक्षात हरले.

१७/ पण त्या निकालात एक बारकावा होता, जो आरेत दिसला नाही. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, झोपड्यांना हात लावू नये, असे न्यायालयाने बजावले. हरलेल्या पक्षालाही वेळ देणे ही न्यायाची मूलभूत सभ्यता आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम ५ मध्ये १९०८ पासून हेच शहाणपण आहे : अपिलाची मुदत संपण्यापूर्वी, योग्य कारण असल्यास, निकाल देणारे न्यायालयच अंमलबजावणी थांबवू शकते. दोन भावांच्या बांधाच्या भांडणात जी काळजी घेता येते, ती हजारो झाडांबाबत घेता आली नसती काय?

१८/ दुसरे उदाहरण गिरण्यांच्या जमिनींचे. १९९१ च्या विकास नियमावलीतील नियम ५८ नुसार पुनर्विकासात गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे : मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती आणली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला. दाद मागण्यात झालेला विलंबही तेथे याचिकाकर्त्यांच्या विरोधात गेला.

१९/ दोन्ही खटले शेजारी ठेवा. नागरिक उशिरा आला, तर 'आता गुंतवणूक झाली, हक्क निर्माण झाले' असे त्याला ऐकावे लागते. सरकार घाईने पुढे गेले, तर 'आता झाडे तोडून झाली' हे वास्तव म्हणून स्वीकारले जाते. म्हणजे घड्याळ दोघांचे एकच आहे, पण काटे नेहमी एकाच बाजूला झुकतात.

२०/ 'वन' या शब्दाचेही तसेच. १९९५ च्या याचिकेवर मे १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानातील वस्त्या हटवण्याचे आदेश दिले आणि हजारो गरीब कुटुंबे उठली. तेथे वनाची रेषा काटेकोर होती. त्याच डोंगरउताराला लागून असलेल्या आरेत, बिबट्याचा वावर असूनही, 'हे वन नाही, दुग्ध वसाहत आहे' अशी शासनाची भूमिका राहिली. गरिबाला हटवताना वन वाढते आणि प्रकल्प आणताना आक्रसते, तेव्हा पर्यावरणप्रेमींनीही स्वतःला प्रश्न विचारायला हवा : आपण पाड्यांच्या बाजूने आहोत की नुसत्या झाडांच्या?

२१/ आरेचा पुढचा अध्याय अधिक बोलका. नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने कारशेडचे काम थांबवले. ऑक्टोबर २०२० मध्ये आरेतील ८०० एकर राखीव वन म्हणून जाहीर करून कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले. त्या जमिनीवर केंद्राने दावा सांगितला आणि १६ डिसेंबर २०२० रोजी उच्च न्यायालयाने १०२ एकरांच्या हस्तांतरणाला स्थगिती दिली. दोन्ही प्रकरणांतील तथ्ये निराळी आहेत, हे मान्य. तरी एक गोष्ट उरतेच : जमिनीवर सरकारचाच दावा असला की अंतरिम स्थगिती वेळेवर येऊ शकते. यंत्रणा अस्तित्वात आहे. ती नागरिकासाठीही तितक्याच तत्परतेने हलावी, एवढेच मागणे.

२२/ जून २०२२ च्या अखेरीस पुन्हा सत्ताबदल, पुन्हा आरे. २९ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे जाण्याची मुभा दिली. परवानगी घेतली गेली १७७ झाडांची. १७ एप्रिल २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने हे अयोग्य ठरवले, मेट्रो महामंडळाला १० लाख रुपये भरायला लावले आणि प्रकल्प अडू नये म्हणून १७७ झाडे तोडू दिली. मर्यादा ओलांडण्याची किंमत ठरली, पण ओलांडणे टिकले. दंड भरून हवे ते मिळत असेल, तर तो दंड राहत नाही, शुल्क होते.

२३/ यावर एक सबळ आक्षेप आहे. प्रत्येक याचिकेवर स्थगिती मिळू लागली, तर शहरात एक पूलही बांधून होणार नाही; रोजच्या विलंबाचा भार अखेर करदात्यावरच पडतो. हे खरे आहे. म्हणून मागणी सरसकट स्थगितीची नसावी. जी कृती मागे घेता येत नाही, म्हणजे वृक्षतोड, घर पाडणे, डोंगर फोडणे, तिच्यापुरतेच निकालानंतर दोन आठवड्यांचे आपोआप संरक्षण असावे. चौदा दिवसांत वरचे न्यायालय हो किंवा नाही म्हणेल. वर्षानुवर्षे आखलेल्या प्रकल्पाला हे चौदा दिवस परवडतात. पडलेल्या झाडाला एक रात्रही परवडत नाही.

२४/ त्याला दोन गोष्टींची जोड हवी. परवानगीची मुदत ती जाहीर प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासूनच मोजावी. आणि न्यायालयाने आखलेली मर्यादा ओलांडून मिळवलेली परवानगी जितकी जास्तीची तितकी रद्द समजावी. पैशाने ती नियमित होऊ नये. या तिन्ही सूचनांत क्रांतिकारक काही नाही. कायद्यात जे विखुरलेले आहे, ते एका जागी बांधणे एवढेच यात आहे.

२५/ आणि हे अशक्य नाही, याचा पुरावा आरेनेच दिला. १० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अनुमतीशिवाय आरेत वृक्षतोडीस मंजुरी देण्यास महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला मनाई केली. पुढे गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्यासाठी चित्रनगरी परिसरातील ९५ झाडांची परवानगी मागायला महापालिकेला आधी न्यायालयात जावे लागले. ती मिळालीही. विकास बुडाला नाही, फक्त क्रम सुलटा झाला : आधी सुनावणी, मग कुऱ्हाड.

२६/ मेट्रो-३ चा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत धावते. लाखो लोकांची सोय झाली, यात आनंदच आहे. त्या मार्गाच्या उत्तर टोकाच्या स्थानकाचे नावही आरे आहे. पण एखादी गोष्ट उपयोगी ठरली म्हणून ती करण्याची रीत योग्य ठरत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हा फरक विशेष जपायचा असतो, कारण जिंकलेल्याची सोय हाच पुढे इतिहासाचा पुरावा म्हणून दाखवला जातो.

२७/ आणीबाणीत हक्कांवर आलेले संकट ओळखू येत होते. त्याला अध्यादेश होता, तुरुंग होते, काळी रकाने होती. आजचे संकट बहुधा तसे दिसत नाही. न्यायालये उघडी असतात, याचिका दाखल होतात, वकील बोलतात, निकालही येतात. फक्त निकाल येईतो ज्यासाठी भांडण होते ते उरलेले नसते. म्हणून 'न्यायालयात जाता येते का?' हा एकच प्रश्न आता अपुरा आहे. 'न्यायालयातून बाहेर येईतो ती गोष्ट जागेवर असेल का?' हाही प्रश्न विचारला पाहिजे. आरेत ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री त्याचे उत्तर 'नाही' असे मिळाले. ते पुन्हा तसे मिळू नये, इतपत या खटल्याची आठवण तरी राहावी.

#आरे #मुंबईचाइतिहास #संविधान